घरीं परतलेला शिपाई

भारतीय युद्धाची कथा आपल्या घरांतून सांगितली जाते ती बहुधा अठराव्या दिवसापाशीं संपते. दुर्योधन पडला, पांडवांचा जय झाला, पोथी बांधली, प्रसाद वांटला. व्यासांनीं मात्र पोथी तेथें बांधलेली नाहीं. पुढें स्त्रीपर्व आहे आणि त्याच्यापुढें शांतिपर्व. शांतिपर्वाच्या आरंभीं जिंकलेला राजा गंगेच्या कांठीं बसलेला आपणांस दिसतो. मृतांस उदक देऊन झालें आहे. कर्ण हा आपला सहोदर होता हें नुकतेंच कळलें आहे. राज्य हातीं आलें आहे, पण राज्यांत, घरांत, जगण्यांत, कशांतच त्याचें मन लागत नाहीं. अर्जुन बोलतो, भीम बोलतो, नकुल-सहदेव बोलतात, द्रौपदी तर रागावून बोलते. युधिष्ठिराचें दुःख हटत नाहीं. शेवटीं तो प्रायोपवेशनाची, म्हणजे अन्नपाणी वर्ज्य करून देह ठेवण्याची, भाषा काढतो. व्यास त्यास अडवितात. श्रीकृष्ण त्याचा हात धरून जुन्या राजांच्या कथा सांगतात. आणि मग सर्वजण मिळून त्याला शरशय्येवरील भीष्मांकडे घेऊन जातात.

ही कथा मीं वर्गांत अनेक वर्षें सांगितली. पण तिच्यांतील दोन गोष्टी मला दिसल्या नव्हत्या. एक अशी कीं, युद्ध जिंकून आलेल्यालाच जगणें नकोसें होऊं शकतें. दुसरी अशी कीं, युधिष्ठिर वांचला तो कोणा एकाच्या उपदेशानें नव्हे. पहिले सगळे उपदेश वांयाच गेले! तो वांचला तो कोणी ना कोणी सतत त्याच्याजवळ होतें म्हणून. या दोन गोष्टी मला पोथीनें शिकविल्या नाहींत. गोंदिया जिल्ह्यांतील आमच्या खेड्यांत, माझ्याच ओट्यावर येऊन बसलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानें त्या शिकविल्या. त्याची हकीकत त्याच्या संमतीनें, नांवगांव न सांगतां, येथें देत आहें.

एकटा शिपाई

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला. धानाच्या बांध्या, मालगुजारांच्या काळचे तलाव, नागझिरा व नवेगांवबांध येथील अरण्य, आणि हावड्याहून मुंबईस जाणाऱ्या लोहमार्गावरील एक मोठें जंक्शन, असा हा मुलूख आहे. सैन्यांत भरती झालेला आमच्याकडील मुलगा बहुधा याच जंक्शनावरून जातो, आणि पंधरा-सतरा वर्षांनीं लोखंडी पेटी व वळकटी घेऊन याच फलाटावर उतरतो. तेव्हां त्याचें वय पस्तीस ते चाळीस असतें. शिक्षक वा कारकून निवृत्त होतो तेव्हां त्याचीं मुलें बहुधा मार्गास लागलेलीं असतात. शिपाई निवृत्त होतो तेव्हां त्याचें धाकटें मूल पाटीवर अक्षरें गिरवीत असतें. देशांत दरसाल सुमारें साठ हजार सैनिक असे घरीं येतात. १४ जून २०२२ रोजीं जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेप्रमाणें नोकरी चार वर्षांची, आणि त्यानंतर फार तर चौथा हिस्सा मुलांस कायम ठेवावयाचें. म्हणजे परत येणाऱ्यांचें वय यापुढें याहूनहि लहान असणार.

सातारा जिल्ह्यांत अपशिंगे नांवाचें गांव आहे. पहिल्या महायुद्धांत त्या एका गांवचे ४६ शिपाई कामास आले, आणि आजहि लोक त्या गांवाच्या नांवापुढें ‘मिलिटरी’ हा शब्द लावतात. अशा गांवीं निवृत्त होऊन आलेल्या माणसाला पारावर आपल्यासारखे दहाजण भेटतात. बर्फांतील पहारा म्हणजे काय, जोडीदार समोर पडणें म्हणजे काय, हें तेथें समजावून सांगावें लागत नाहीं. आमच्या भागांतील पुष्कळ खेड्यांतून असा माणूस एकटाच असतो. गांव त्याचा सत्कार करतें, २६ जानेवारीस त्याच्या हातून झेंडावंदन करवितें, आणि मग त्याला विसरून जातें.

पलटणींत त्याचा दिवस शिटीनें सुरू होत असे. केव्हां उठावें, कोणाचा हुकूम ऐकावा, कोणास हुकूम द्यावा, हें ठरलेलें असे. घरीं येऊन पाहावें तों धाकटा भाऊ शेती सांभाळीत असतो. बायकोनें पंधरा वर्षें एकटीनें संसार ओढलेला असतो, म्हणून घरांतील प्रत्येक गोष्ट तिला विचारून होते. मुलें त्याला चार दिवसांचा पाहुणा समजतात. यांत कोणाचाहि दोष नाहीं. पण ज्याच्या भरंवशावर दहा माणसांचे जीव होते, त्याला आपल्याच घरांत आपलें काम काय तें कळेनासें होतें. त्यांत गुडघ्याची वा कमरेची जुनी दुखापत, तुटकी झोंप, जमिनीचा वाद, पेन्शनच्या कागदांतील एखादी चूक, आणि रात्रीं झोंप यावी म्हणून घेतलेला एक पेला, दुसरा पेला.

१९१५ सालीं चार्ल्स मायर्स या इंग्रज वैद्यानें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत फ्रान्सच्या आघाडीवरील शिपायांविषयीं लेख लिहून ‘शेल शॉक’ हें नांव प्रचारांत आणलें. १९८० सालीं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनीं आघातानंतरच्या या तणावास आपल्या रोगांच्या यादींत स्वतंत्र स्थान दिलें. पण प्रत्येक शिपायास हा विकार असतो असें नाहीं, आणि प्रत्येकाच्या निराशेचें मूळ रणांगणावरच असतें असेंहि नाहीं. पुष्कळदां तें घरच्या उंबऱ्याच्या आंत असतें.

संख्या थोडक्यांत सांगतों. जुलै २०२२ मध्यें राज्यसभेंत दिलेल्या उत्तराप्रमाणें त्यापूर्वीच्या पांच वर्षांत आपल्या तिन्ही दलांतील ८१९ जणांनीं स्वतःचा जीव घेतला. ही संख्या सेवेंत असलेल्यांची. गणवेश उतरला कीं मनुष्य या हिशेबांतून बाहेर पडतो आणि सामान्य जनांच्या हिशेबांत मिसळतो. तो हिशेबहि लहान नाहीं. २०२२ सालीं देशांत १,७०,९२४ लोक असे गेले, आणि त्यांतील २२,७४६ आपल्या महाराष्ट्रांतील, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. अमेरिकेंत निवृत्त सैनिकांची गणना वेगळी ठेवतात. तेथें त्याच सालीं ६,४०७ निवृत्त सैनिकांनीं आत्मघात केला. दिवसास सतरांहून अधिक.

माझी चूक

तो माझ्या शाळेंतला. गणितांत चांगला, धांवण्यांत पहिला. अठराव्या वर्षीं भरती झाला, तेव्हां मीं त्याला एक शाईची लेखणी दिली व बजावलें, “घरीं पत्र लिहीत जा.” सतरा वर्षांनीं तो हवालदार होऊन परतला. गांवानें वाजंत्री लावून त्याला आणलें. मीहि दोन शब्द बोललों. ‘वीर’, ‘सुपुत्र’, ‘आदर्श’, असलेच ते शब्द होते.

परतल्यावर दुसऱ्या पावसाळ्यांत, रोवणीच्या दिवसांत, तो एका संध्याकाळीं ओट्यावर येऊन बसला. पुष्कळ वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “गुरुजी, झोंप येत नाहीं. घरांत माझ्यावांचून कोणाचें अडत नाहीं.”

मला वाटलें, पोराचा अर्जुन झाला आहे. मीं गीतेचा दुसरा अध्याय काढला. आत्म्याचें अमरत्व, क्षात्रधर्म, कर्तव्य, सर्व सांगितलें, आणि शेवटीं म्हणालों, “तुझ्यासारख्या वीरानें असें रडगाणें गावें काय?” तो शांतपणें ऐकत होता. “बरोबर आहे, गुरुजी,” एवढेंच म्हणाला आणि उठला. जातांना खिशांतून ती लेखणी काढून त्यानें ओट्यावर ठेवली. “ही आतां तुमच्याजवळच असूं द्या.”

मला तें कृतज्ञतेचें लक्षण वाटलें! मीं ती लेखणी कोनाड्यांत ठेवून दिली आणि जेवावयास बसलों.

तिसऱ्या रात्रीं त्याची बायको जागी झाली, तों अंथरूण मोकळें. त्या माउलीनें संकोच केला नाहीं. दिराला हांक मारली, शेजारी उठविले, कंदील-बॅटऱ्या घेऊन माणसें चोहोंकडे पांगलीं. तो गांवाबाहेर एकटा बसलेला सांपडला. आणखी तासभर उशीर झाला असता तर हा लेख मीं लिहिला नसता. लिहावयाचें तोंड मला राहिलें नसतें.

दुसरे दिवशीं आम्ही त्याला गोंदियास मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं त्याची विचारपूस केली, औषध दिलें, आणि बाहेर येऊन मला विचारलें, “गुरुजी, जीव द्यावासा वाटतो काय, असें तुम्ही त्याला सरळ विचारलें होतें का?”

मीं म्हणालों, “असें कसें विचारावें? नसलेला विचार मनांत भरवून दिल्यासारखें व्हावयाचें.”

डॉक्टर म्हणाले, “विचारल्यानें तो विचार येत नाहीं. आलेला असतो, त्याला बाहेर पडावयास वाट मिळते. तो तुमच्याकडे तेवढ्याचसाठीं आला होता.”

हें वाक्य मीं त्या दिवसापासून पुष्कळ घरीं जाऊन सांगितलें आहे.

पत्र, बांक आणि गांव

पुढें वाचूं लागलों तेव्हां दिसलें कीं, डॉक्टरांचें म्हणणें केवळ त्यांचें एकट्याचें नाहीं. जगांत ठिकठिकाणीं हा अनुभव आलेला आहे.

सान फ्रान्सिस्को येथें जेरोम मोट्टो नांवाचे मनोविकारतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धांत ते स्वतः सैन्यांत होते, आणि त्या काळीं आलेल्या पत्रांनीं आपणांस किती आधार दिला हें ते विसरले नव्हते. निराशेमुळें रुग्णालयांत राहून गेलेल्या, पण पुढील उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे त्यांनीं चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन भाग केले. एका भागास पांच वर्षेंपर्यंत वर्षांतून निदान चार वेळां लहानसें पत्र जाई. दुसऱ्या भागास जात नसे. पत्रांत उपदेश नाहीं, मागणी नाहीं. तुमची आठवण होते, तुमचें बरें चाललें असावें, उत्तर द्यावेंसें वाटलें तर आनंद होईल, एवढाच आशय. २००१ सालीं त्यांनीं निष्कर्ष छापला: पहिल्या दोन वर्षांत पत्रें मिळणाऱ्यांत आत्मघात स्पष्टपणें कमी झाले. चार ओळींच्या पत्राची ही शक्ति!

आफ्रिकेंतील झिम्बाब्वे देशाची गोष्ट निराळी आहे. डॉक्टर डिक्सन चिबांडा यांची एक तरुण रोगी उपचारांवांचून दगावली, कारण रुग्णालयांत येण्यास तिच्याजवळ बसचें भाडें नव्हतें. २००६ सालीं त्यांनीं हरारे शहरांत चौदा आजीबाईंना शिकवून तयार केलें. दवाखान्याच्या आवारांत एक लांकडी बांक. त्यावर आजीबाई बसते आणि येईल त्याचें ऐकून घेते. तेथील शोना भाषेंत या दुःखाला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे अति विचार करणें. आपल्याकडेहि बायका “त्यानें फार विचार घेतला” असें म्हणतातच. त्या बांकावर बसणाऱ्यांस खरोखरच उतार पडतो, हें २०१६ सालीं ५७३ जणांच्या परीक्षेनें सिद्ध झालें. ज्या घरांत आजी आहे त्या घरांत असें बांक आधींच आहे. तें फक्त रिकामें ठेवूं नये.

आणि हें परदेशांतच होतें असें नाहीं. आपल्याच विदर्भांत, अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत, ‘विश्राम’ नांवाचा उपक्रम झाला; त्याचा अहवाल २०१७ सालीं ‘लॅन्सेट’च्या मनोविकारविषयक पत्रांत आला. गांवांतीलच स्त्रीपुरुष कार्यकर्त्यांस शिकवून त्यांच्यामार्फत घरोघर बोलणें, समुपदेशन व गरज पडल्यास डॉक्टर, अशी साखळी त्यांत होती. निराशेनें आजारी असलेल्यांपैकीं पूर्वी शंभरांत चारजण उपचार घेत. अठरा महिन्यांनंतर सत्तावीसजण घेऊं लागले. जीव द्यावासा वाटणाऱ्यांचें प्रमाण शंभरांत पांचावरून अडीचावर आलें. हें शिपायांचें गांव नव्हतें, शेतकऱ्यांचें होतें. पण आमचा शिपाई परत येऊन शेतकरीच होतो.

आमच्या गांवीं यांतील जें जमलें तें आम्हीं केलें. त्याला संस्थेचें नांव नाहीं, पावतीपुस्तक नाहीं. आसपासच्या पांच-सहा गांवांतून शोधून सातजण निवृत्त सैनिक सांपडले. त्यांतील कित्येकांना एकमेकांची ओळखहि नव्हती. दर सोमवारीं संध्याकाळीं ते शाळेच्या पडवींत जमतात. चहा होतो, पत्ते होतात, भाषण होत नाहीं. कोणी दोन सोमवार आला नाहीं तर तिसऱ्या सोमवारची वाट न पाहतां एकजण त्याच्या घरीं जातो. रात्रीं-अपरात्रीं कोणी कोणाला बोलवावें तेंहि ठरलेलें आहे. पलटणींत जोडीदार नेमून देत, तसे हे जोडीदार.

पेन्शनच्या कामीं आमच्या गांवचे एक निवृत्त कारकून बसतात. २०२१ पासून सैनिकांचें निवृत्तिवेतन ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेंतून मिळूं लागलें. कोणाच्या बायकोचें नांव एका कागदावर एक व दुसऱ्यावर दुसरें, कोणाची जन्मतारीख चुकलेली. अशा क्षुल्लक गोष्टींनीं पैसे अडकले म्हणजे आधींच खचलेला माणूस आणखी खचतो. दर नोव्हेंबरांत जीवनप्रमाणपत्र द्यावें लागतें, तेंहि ते भरून देतात. ते एकदां म्हणाले, “गुरुजी, सरकार वर्षांतून एकदां विचारतें, जिवंत आहांत ना? आपण शेजारी असून तेवढेंहि विचारीत नाहीं.”

बायकांचें काम आमच्या घरांतून चालतें. शिपायाच्या पत्नीला नवऱ्याच्या झोंपेविषयीं, रागाविषयीं, पिण्याविषयीं पारावर बोलतां येत नाहीं, स्वयंपाकघरांत येतें. त्या रात्रीं त्या माउलीनें लाजेखातर हांक मारली नसती तर काय झालें असतें, हें तीच आतां नव्या सुनांना सांगते. आणि मीं माझ्याकडे पत्रांचें काम घेतलें. सैन्यांत असलेल्या व परत आलेल्या माझ्या सर्व विद्यार्थ्यांना मी दोन महिन्यांतून एकदां पोस्टकार्ड लिहितों. पाऊस किती झाला, तलाव भरला का, नवेगांवबांधास पक्षी उतरले का, एवढेंच. उपदेश लिहावयाचा नाहीं असा मीं स्वतःशीं नियम केला आहे, आणि मास्तराला तो पाळणें फार कठीण जातें.

घरच्यांनीं काय करावें

आपल्या वाचकवर्गांतील पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी सैन्यांत अधिकारी वा जवान आहे. आणि ज्यांच्या घरीं नाहीं त्यांच्या आळींत, शेतावर, सोसायटीच्या दारावर पहारा देणारा एखादा निवृत्त सैनिक असतोच. त्यांच्याकरितां, डॉक्टरांकडून व अनुभवावरून शिकलेल्या गोष्टी सांगतों.

लक्षणें ओळखावीं. झोंप उडणें, जेवण तुटणें, पिणें वाढणें, माणसें टाळणें हीं तर आहेतच. “माझ्यावांचून कोणाचें अडत नाहीं”, “तुम्हांस माझा भार होतो” असें बोलणें, जपलेल्या वस्तु वांटून टाकणें, कागदपत्रें एकाएकीं नीट लावून ठेवणें, पुष्कळ दिवसांच्या तळमळीनंतर अकस्मात् शांत होणें, यांचा अर्थ उशीर न करतां घ्यावा. माझ्या कोनाड्यांतली लेखणी आठवावी.

सरळ विचारावें. एकांतांत, घाई नसतांना, जवळ बसून विचारावें: “जीव नकोसा झाला आहे का? जीव द्यावा असें मनांत येतें का?” उत्तर ‘हो’ आलें तर घाबरूं नये, रागावूं नये, रडूं नये. “तूं हें सांगितलेंस तें फार बरें केलेंस,” म्हणावें, आणि ऐकत राहावें. शौर्याची आठवण देऊं नये. वीर म्हटलेल्या माणसाला दुःख सांगण्याची चोरी होते; आपली स्तुति त्याच्या तोंडाला कुलूप घालते. “कोणाला सांगणार नाहीं” अशी शपथ घेऊं नये. घरांतील एका समंजस माणसास तरी सामील करून घ्यावें.

एकटें सोडूं नये. घरांत शस्त्र असेल, शेतीचीं विषारी औषधें असतील, तर तीं कांहीं काळ दुसऱ्याच्या घरीं कुलपांत ठेवावीं. ही अति सावधगिरी नव्हे. श्रीलंकेनें १९९५ सालापासून अति विषारी शेतीऔषधांवर बंदी घातली, आणि पुढील वीस वर्षांत तेथील आत्मघातांचें प्रमाण सुमारें सत्तर टक्क्यांनीं उतरलें. मरणाची लाट पुष्कळदां थोड्या वेळाची असते. त्या वेळांत साधन हाताशीं नसलें, माणूस जवळ असलें, तर ती ओसरते.

डॉक्टरांकडे स्वतः बरोबर जावें. “जाऊन ये” म्हणूं नये, “चल, जाऊं या” म्हणावें. गोंदियास २०१६ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें असून जुनें कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय त्यास जोडलेलें आहे. निवृत्त सैनिकांकरितां व त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांकरितां अंशदायी आरोग्य योजना एप्रिल २००३ पासून चालूं आहे; तिचें कार्ड काढून ठेवावें. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण अधिकाऱ्यांस भेटण्यास संकोच करूं नये. आणि रात्रीं दोन वाजतां कोणीच जवळ नसेल तर टेलिफोन आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं भारत सरकारनें ‘टेलि-मानस’ नांवाची सेवा सुरू केली; १४४१६ हा आंकडा फिरवावा, दिवसरात्र, विनामूल्य, मराठींतहि बोलतां येतें. १ डिसेंबर २०२३ रोजीं पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत सैनिकांकरितां व त्यांच्या कुटुंबीयांकरितां या सेवेची खास शाखा उघडली गेली. घरच्यांनींहि काय करावें हें विचारण्याकरितां फोन करावा. तो केवळ रोग्याकरितां नाहीं.

पोलिसांचें भय बाळगूं नये. असा प्रयत्न करणाऱ्यास पूर्वीं दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाखालीं शिक्षा सांगितली होती, म्हणून घरें गोष्ट दडपीत आणि उपचार राहून जात. २९ मे २०१८ पासून अमलांत आलेल्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यानें असा मनुष्य तीव्र मानसिक तणावाखालीं होता असें धरून त्याच्यावर खटला नको, त्याची शुश्रूषा करा, असें ठरविलें; आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तें जुनें कलमच राहिलें नाहीं. लोकसेवकास त्याच्या कामापासून अडविण्यासाठीं केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा मानला आहे.

शास्त्राची शंका

आपल्या घरांतून एक शंका हमखास निघते: शास्त्रांत आत्मघात हें महापाप ना? मग त्याविषयीं इतकें मऊ कसें बोलावें? मनुस्मृतींत आत्मत्याग करणाऱ्यास उदकदान वर्ज्य सांगितलें आहे, हें खरें. ईशावास्यांतील ‘आत्महन्’ हा शब्दहि पुष्कळजण येथें पुढें करतात. पण शंकराचार्यांनीं आपल्या भाष्यांत त्याचा अर्थ आत्मस्वरूप न जाणणारे अज्ञानी असा केला आहे, देहत्याग करणारा असा नव्हे. त्या अर्थानें आपणांपैकीं बहुतेक सर्वच त्या वर्गांत येतों! आणि निषेधाचीं वचनें कोणासाठीं आहेत? जो विचार करूं शकतो त्याच्यासाठीं. तापांत बडबडणाऱ्यास आपण असत्यभाषणाचें पाप लावीत नाहीं. या निराशेंतहि बुद्धि तापलेलीच असते. युधिष्ठिरास व्यासांनीं अडविलें. शाप दिला नाहीं.

ज्या घरीं हें घडून गेलें आहे तेथें तर पापपुण्याचा शब्दहि काढूं नये. त्या घरीं लोक तेराव्या दिवसानंतर जावयाचे थांबतात; आपण तेराव्यानंतर जावें. विधवेला “तुला आधीं कळलें कसें नाहीं?” असें विचारूं नये. मला कळलें नव्हतें, आणि मी तर शिकलासवरलेला मास्तर होतों.

माझा विद्यार्थी आज बरा आहे. औषध दीड वर्ष चाललें, मग डॉक्टरांनींच हळूहळू बंद केलें. मध्यें दोनदां पुन्हा वाईट दिवस आले. पण तेव्हां तो स्वतः जोडीदाराच्या दारीं गेला. पहांटे तो गांवच्या मुलांना भरतीच्या परीक्षेसाठीं पळवितो. लेखणी मीं त्याला परत दिली. हिशेब लिहावयास ती तो वापरतो. पळावयास येणाऱ्या मुलांस तो एक गोष्ट नेमानें सांगतो, जी मीं त्याला सांगितली नव्हती: “तेथें काय झालें तें घरीं येऊन कोणाला तरी सांगा.”

७ डिसेंबरला ध्वजदिन येतो. १९४९ पासून आपण त्या दिवशीं डब्यांत पैसे टाकतों व छातीवर कागदी झेंडा लावतों. तें अवश्य करावें. पण त्या झेंड्याबरोबर एक संध्याकाळहि द्यावी. आपल्या आळींतील परतलेल्या शिपायाच्या घरीं जावें, त्याच्या बायकोच्या हातचा चहा घ्यावा, पराक्रमाच्या गोष्टी विचारूं नयेत. “झोंप लागते ना?” एवढें विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत बसावें. पुढच्या आठवड्यांत पुन्हा जावें.